पणजोबांचा उकिरडा कसा उकरावा

खाणीत पैसा घालायचा विचार असेल तर नव्या खाणीच्या नादी लागू नका. नव्या खाणीसाठी जंगल तोडावं लागतं, ओढे नासवावे लागतात आणि लोकांच्या शिव्या स्वतः खाव्या लागतात. जुन्या खाणीत ही सगळी कामं पणजोबांनी उरकून ठेवलेली असतात. आपण फक्त ‘पुनरुज्जीवन’ म्हणायचं आणि फीत कापायची.

शिकाऊंनी जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकाच्या सीमेवरच्या एर्त्सगेबिर्ग डोंगरापासून सुरुवात करावी. ११६८ च्या सुमारास तिथे फ्रायबर्गला चांदी लागली. मग कथील, मग कोबाल्ट, शेवटी युरेनियम, असं आठशे वर्षं उपसून १९९०च्या आगेमागे लोकांनी हात झटकले. २०१९ मध्ये युनेस्कोने डोंगराला जागतिक वारशाचा मान दिला. त्यामुळे आता डोंगरावर वारशाचं तिकीट लावता येतं आणि डोंगराखालच्या खडकाचे शेअर विकता येतात.

जागा ठरली की यादी मिळवा. यादीशिवाय दगड हा दगडच राहतो. युरोपियन युनियनने २०२४ च्या कायद्यात कळीच्या कच्च्या मालाची ३४ नावं दिली आहेत, त्यांतली १७ ‘धोरणात्मक’. २०३० पर्यंत युरोपने आपल्या गरजेच्या १० टक्के माल स्वतः खणायचा, ४० टक्क्यांवर स्वतः प्रक्रिया करायची, २५ टक्के भंगारातून मिळवायचा आणि कोणत्याही धोरणात्मक मालासाठी युनियनबाहेरच्या ‘कोणत्याही एका देशावर’ ६५ टक्क्यांहून जास्त विसंबायचं नाही. तो एक देश कोणता, हे कायद्यात नाही. नव्या नवरीने उखाण्यातसुद्धा नाव घेऊ नये तसं ब्रुसेल्सचं झालं आहे. चीनने मात्र आढेवेढे न घेता ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियम या मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना लावला.

हे जर्मेनियम सापडलं कुठे? याच फ्रायबर्गला. तिथल्या हिमेल्सफ्युर्स्ट खाणीत चांदीचं एक अनोळखी खनिज निघालं. खाण अकादमीतल्या क्लेमेन्स विंकलरने त्याचं पृथक्करण केलं, तर सगळे घटक मिळून बेरीज ९३ टक्क्यांच्या पुढे सरकेना. आपल्याकडच्या कुठल्याही अनुभवी हिशेबनिसाने उरलेले सात टक्के ‘किरकोळ’ म्हणून लिहिले असते आणि तो जेवायला गेला असता. विंकलर अडून बसला आणि १८८६ मध्ये त्या सात टक्क्यांतून नवं मूलद्रव्य निघालं. मेंडेलीव्हने १८७१ मध्येच आपल्या आवर्तसारणीत त्याची जागा रिकामी सोडून ठेवली होती. आज ते ऑप्टिकल फायबर आणि रात्री पाहणाऱ्या दुर्बिणींसाठी लागतं, आणि युरोप ते बाहेरून मागवतो.

इंडियमही तिथलंच, १८६३ चं. जस्ताच्या खनिजात वेगळंच काही शोधताना फर्डिनंड राइशला ते गवसलं. राइश रंगांध होता, म्हणून वर्णपटात बघायला त्याने थिओडोर रिश्टरला बसवलं. निळी रेघ रिश्टरला दिसली. पुढे श्रेयावरून दोघांचं बिनसलं. तेव्हा साहेब आणि सहायकाची जोडी जमवताना डोळ्यांआधी करारपत्र तपासा. इंडियम तुमच्या मोबाइलच्या टचस्क्रीनमध्ये असतं, हे वाचताना तुम्ही बहुधा त्यावरच बोट फिरवत आहात. खाणवाल्यांना तेव्हा चांदी, शिसं आणि जस्त हवं होतं. जे नको होतं ते ढिगाऱ्यात आणि गाळाच्या तलावात गेलं.

आता फ्रायबर्गचे संशोधक तोच गाळ तपासतात, आणि विद्यापीठाच्या राइखे त्सेखे या प्रशिक्षण खाणीत जिवाणूंकरवी जस्त आणि इंडियम विरघळवून घेण्याचे प्रयोग झाले आहेत. जिवाणू हा आदर्श खाणकामगार आहे, त्याला अवश्य नेमा. तो पगार मागत नाही, युनियन काढत नाही आणि त्याला फुप्फुसं नसतात. शेवटचा गुण फार मोलाचा. जवळच्या श्नेबेर्गच्या कामगारांना ती होती. १८७९ मध्ये हेर्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं, की तिथले बहुतेक खाणकामगार फुप्फुसातल्या गाठींनी मरतात. कारण किरणोत्सारी रेडॉन वायू, हे कळायला पुढचं शतक उजाडलं. तोवर खाण चालूच होती, कारण कारण कळलेलं नव्हतं.

आता प्रत्यक्ष शोध. डोक्यावर हेल्मेट, हातात हातोडा घेऊन फोटो काढून घ्या आणि हेल्मेट परत करा, कारण खरं काम कपाटात आहे. पूर्व जर्मनीच्या काळात सरकारी भूवैज्ञानिकांनी या डोंगरात ठिकठिकाणी ड्रिलिंग करून अहवालांचे गठ्ठे बांधून ठेवले. त्सिनवाल्ड गावच्या अभ्रकात लिथियम आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, फक्त तेव्हा त्यांना कथील हवं होतं. सॅक्सनी राज्याने तो सगळा दस्तऐवज डिजिटल करायला घेतला. तुम्ही धूळ झटका, तेच आकडे नव्या तक्त्यात मांडा, नव्या कागदावर छापा आणि दोन-चार नवी भोकं पाडून त्यांची खात्री करून घ्या. याला अन्वेषण म्हणतात.

हसू नका, आपणही हेच केलं. जम्मूतल्या रियासीच्या लिथियमची नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या १९९०च्या दशकातल्या कामात आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ५९ लाख टनांची घोषणा झाली आणि देशात फटाके फुटले. हे ५९ लाख टन प्राथमिक अंदाजाचे आणि खनिजाचे होते, धातूचे नव्हेत, हा बारीक टाइप कुणी वाचला नाही. लिलाव काढला तर पुरेसे बोलीदारच येईनात. तेव्हा घोषणा आणि लिलाव यांत शक्यतो एक निवडणूक तरी जाऊ द्या.

ढिगाऱ्याची किंमत ठरवताना भावनेला थारा देऊ नका. याच डोंगराच्या चेक बाजूला योआखिम्सटालला, म्हणजे आजच्या याखिमोव्हला, काचेच्या रंगासाठी युरेनियम काढून घेतलं की उरलेला चोथा पाइनच्या रानात ओतत. क्युरी दांपत्याने तो मागितला, तेव्हा तिथे राज्य असलेल्या ऑस्ट्रियाच्या सरकारने पहिला टनभर चोथा फुकट दिला. वाहतुकीचं भाडं तेवढं त्यांनी भरायचं होतं. त्यातून रेडियम निघालं. सरकारी खात्याने आपला कचरा कुणी नेतोय म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला असेल, तोच त्या ढिगाऱ्याच्या इतिहासातला सर्वांत महाग निःश्वास. गोव्याच्या खाणमालकांनी असा भोळेपणा केला नाही. कमी प्रतीचं लोहखनिज म्हणून टेकड्यांच्या कुशीत ओतलेले डंप, दोन हजारच्या दशकात चीनची भूक वाढताच, बार्जमधून मुरगावच्या वाटेला लागले. २०१२ मध्ये न्यायालयाने खाणी थांबवल्या, तेव्हा डंप नेमका कुणाचा, या प्रश्नाला एकदम खूप वारस फुटले.

गावकऱ्यांशी बोलताना मात्र जपा. त्सिनवाल्डच्या खडकात टनामागे दोन-सव्वादोन किलो लिथियम आहे. बाकीच्या नऊशे सत्त्याण्णव किलोंचं काय, असा प्रश्न सभेत पहिल्याच रांगेतून येईल. त्याला ‘उपउत्पादनं’ असं उत्तर आहे. पाणी, ट्रक, धूळ हे प्रश्नही येतील. घाबरायचं काही नाही, तयार उत्तरं आहेत. याखिमोव्हला डॉक्टरकी केलेल्या अ‍ॅग्रिकोलाने आपल्या खाणशास्त्राच्या ग्रंथात सुरुवातीलाच हे सगळे आक्षेप लिहून ठेवले आहेत: रानं तुटतात, शेतं उद्ध्वस्त होतात, खनिज धुतलेल्या पाण्याने मासे मरतात. पुढे एकेकाचं खंडनही केलं आहे. ग्रंथ १५५६ चा. आक्षेप बदललेले नाहीत, म्हणून खंडन बदलायचीही गरज नाही. चित्रांपायी छपाई रखडली आणि तोवर लेखक वारला होता. २०२४ च्या कायद्यात ‘धोरणात्मक’ खाणीला २७ महिन्यांत परवानगी देऊ म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट टेबलावर ठेवावी.

कुणी शेजारच्या आल्टेनबेर्गच्या खड्ड्याचा विषय काढलाच, तर तो पर्यटनाकडे वळवा. तिथे कथिलासाठी पिढ्यानपिढ्या विस्तव पेटवून खडक फोडला. प्रत्येकाने आपापला कोपरा पोखरला, शेजारी कुठवर आलाय हे विचारलं नाही, आणि १६२० मध्ये डोंगर खाली बसला. जिद्द पाहा, कोसळलेला तो मालच पुढे १९९१ पर्यंत उपसला. आता सुमारे ४०० मीटर रुंदीचं ते विवर वाटाड्यासोबत बघता येतं.

विस्मुटचं नाव मात्र काढू देऊ नका. सोव्हिएत अणुबॉम्बसाठी या कंपनीने सॅक्सनी आणि थुरिंगियातून २,३०,००० टनांच्या आसपास युरेनियम काढलं. माल मॉस्कोला गेला, ढिगारे इथे राहिले. १९९१ पासून जर्मन करदाता ते निस्तरतो आहे. सहा अब्ज युरोंहून जास्त खर्च झाला, आणि दूषित पाणी अजून उपसून शुद्ध करावंच लागतं. रोनेबुर्गला भरावावर २००७ मध्ये राष्ट्रीय पुष्पप्रदर्शन भरवलं. तुमच्या अहवालात फुलांचाच फोटो घाला.

राहिला भाव. २०२२ च्या अखेरीस लिथियम आकाशाला भिडलं होतं, दोन वर्षांत जमिनीवर आलं. अशा वेळी भागधारकांना धीर द्या आणि पाटी बदला. त्सिनवाल्डच्या त्याच खडकात कथील आहे, टंगस्टन आहे. ‘लिथियम’ पुसून ‘टंगस्टन’ लिहायला अर्धा दिवस पुरतो. रंगारी मात्र गावातलाच घ्या, म्हणजे स्थानिक रोजगाराच्या रकान्यात एक आकडा भरता येईल.