जेनेट रँकिन रडल्या म्हणे!

परवा माझ्या धाकट्या बहिणीने ग्रामपंचायतीसाठी अर्ज भरला आणि त्याच रात्री काकांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. त्यात लिहिलंय: अमेरिकी काँग्रेसमधली, म्हणजे तिथल्या संसदेतली, पहिली महिला, जेनेट रँकिन, १९१७ साली पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या ठरावावर रडत सुटली आणि तिने एकटीनेच विरोधात मत दिलं, १९४१मध्ये गांधीजींना भेटून आल्यावर पुन्हा तेच केलं, म्हणून तिला हाकललं, सबब राज्यकारभार बायकांना झेपत नाही.

काका, 'एकटीनेच' हे तर धडधडीत खोटं. काँग्रेसच्या नोंदीत मतमोजणी आहे: ३७३ विरुद्ध ५०. म्हणजे विरोधात आणखी ४९ जण होते आणि ते सगळे पुरुष. बहुमतवाल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे सभागृहनेते क्लॉड किचिनसुद्धा त्यांत होते.

आता ते रडणं. मला खरा संताप याचाच आला. मतदान झालं ६ एप्रिलला, पहाटे तीनच्या सुमारास. पहिल्यांदा नाव पुकारलं तेव्हा रँकिन गप्प राहिल्या. दुसऱ्यांदा पुकारल्यावर म्हणाल्या, "मला माझ्या देशाच्या पाठीशी उभं राहायचंय, पण युद्धासाठी मत देता येत नाही." त्या हुंदके देत होत्या, असं वर्तमानपत्रांनी रंगवलं. फिओरेलो ला गार्डिया, पुढे न्यूयॉर्कचे महापौर झाले ते, तेव्हा सभागृहात होते. त्यांना याबद्दल विचारलं, तर म्हणाले, माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, मला कुठून दिसणार? त्यांनी मत दिलं युद्धाच्या बाजूने. त्यांना राज्यकारभार झेपत नाही असं कुणी म्हटलं का? मग रँकिन रडल्या असत्या तरी काय बिघडलं?

१९४१ची गोष्ट अर्धी खरी आहे, ते मान्य करते. जपानने पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केल्यानंतर त्याच्याविरुद्धच्या युद्धाच्या ठरावावर ३८८ विरुद्ध १ मत पडलं आणि ते एक रँकिन यांचं. बाहेर जमाव इतका खवळला की त्या टेलिफोन बूथमध्ये शिरल्या. शेवटी पोलिसांनी कार्यालयापर्यंत पोहोचवलं. गांधीजींबद्दल त्यांना ओढ होती, हेही खरं. पण त्या भारतात पहिल्यांदा आल्या १९४६मध्ये, मतदानानंतर पाच वर्षांनी!

आणि त्यांना कुणी हाकललं नाही. १९४२च्या निवडणुकीला त्या उभ्याच राहिल्या नाहीत, मुदत पूर्ण करून गेल्या. १९६८मध्ये, ८७व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये हजारो बायकांचा मोर्चा घेऊन निघाल्या.

काका, तो फॉरवर्ड आज काढून टाका. उद्या अर्जांची छाननी आहे आणि धाकटीने तो वाचलाय.