प्रत्येक बॅग तपासली म्हणजे रेल्वे सुरक्षित होत नाही

कुठे रेल्वेत किंवा मेट्रोत हल्ला झाला की एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, मागण्या त्याच राहतात: विमानतळासारखी प्रत्येक प्रवाशाची झडती घ्या, जागोजागी चेहरा ओळखणारे कॅमेरे बसवा, प्रवाशांवर आणि कर्मचाऱ्यांवर काही सोडू नका. एवढं केलं की दहशतवादही थांबेल आणि चोऱ्यामाऱ्याही. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. या मागण्या जशाच्या तशा मान्य झाल्या, तर पैसा आणि मनुष्यबळ भलतीकडे जाईल आणि ज्यांनी खरोखर जीव वाचतात ती कामं मागे पडतील.

"विमानतळावर जमतं, मग स्टेशनवर का नाही?"

विमानतळावर माणूस दोन-दोन तास आधी येतो. स्टेशनवर तो गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी पोहोचतो, संध्याकाळी पुन्हा येतो, आणि आत शिरायच्या वाटाही अनेक असतात. साधा हिशोब करू. एका यंत्रावर बॅग आणि अंगझडती मिळून माणशी फक्त 15 सेकंद धरले, तर तासाला 240 प्रवासी आत जातील. गर्दीच्या एका तासात 24 हजार माणसं येणाऱ्या स्टेशनला 100 यंत्रं लागतील, आणि प्रत्येकापाशी पडद्यावरची नजर न हटवणारा माणूस. जुन्या, दाटीवाटीच्या स्टेशनात ही जागा काढायची कुठून? मग रांग लांबली की लोक ओरडतात, तपासणारा हात आवरता घेतो, आणि शेवटी बॅग पट्ट्यावरून नुसती सरकत राहते.

रांगेचा धोका याहून मोठा आहे. 29 डिसेंबर 2013 ला रशियातल्या व्होल्गोग्राद स्टेशनवर आत्मघाती हल्ला झाला तो प्रवेशद्वारातच, धातुशोधक चौकटींपाशी. तिथे 18 जणांचा जीव गेला. हल्लेखोर आतल्या गर्दीत पोहोचला असता तर बळी वाढले असते, हे मान्य. पण दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात एका ट्रॉलीबसमध्ये स्फोट झाला आणि आणखी 16 जण गेले. बसच्या प्रत्येक थांब्यावर चौकट उभी करणं कुणालाच शक्य नाही. खुद्द विमानतळाचं उदाहरण हवं असेल तर 22 मार्च 2016 चं ब्रसेल्स बघा. तिथले बॉम्ब तपासणीच्या अलीकडे, प्रवाशांनी भरलेल्या निर्गमन कक्षात फुटले.

याचा अर्थ तपासणी बंद करा असा मुळीच नाही. वेळ आणि ठिकाण बदलत अचानक केलेली तपासणी, श्वानपथक, गुप्तवार्ता मिळाल्यावर ठरावीक मार्गावर वाढवलेला बंदोबस्त, हे सगळं हवं. कट रचणाऱ्याला आपली वाट मोकळी आहे याची खात्री वाटू नये, एवढं त्यातून साधतं, आणि ते थोडं नाही. पण बहुतेक कट उधळले जातात ते खूप आधी, स्फोटकं जमवताना किंवा पैशांची देवाणघेवाण होताना. ते काम स्टेशनच्या दारातल्या शिपायाचं नाही.

"कॅमेऱ्यांच्या नजरेतून कुणी सुटणार नाही."

7 जुलै 2005 च्या लंडन हल्ल्यातले चौघंही त्या सकाळी ल्युटन स्टेशनात शिरताना कॅमेऱ्यात आले होते. पाठीवर पिशव्या घेतलेले चार प्रवासी, एवढंच त्यात दिसत होतं. पुढे 52 जणांचा बळी गेला. दोनच आठवड्यांनी, 21 जुलैला, तिथेच फसलेल्या हल्ल्यातले संशयित शोधायला हेच कॅमेरे फार उपयोगी पडले. कॅमेऱ्याचं बळ तपासात आहे. तेही तो चालू असेल तर. 12 एप्रिल 2022 ला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या भुयारी रेल्वेत गोळीबार झाला, तेव्हा नेमके त्या स्टेशनचे कॅमेरे नीट काम करत नव्हते. नव्या कॅमेऱ्यांचं उद्घाटन होतं, जुन्यांच्या देखभालीसाठी मात्र तरतूद नसते.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेचंही गणित मांडून बघा. ती हजारात एकदाच चुकते असं धरलं, तरी रोज 10 लाख चेहऱ्यांमागे 1,000 निरपराध माणसं संशयित ठरतील. रोज हजार खोटे इशारे आले की पोलीस एक तर त्यांच्याकडे काणाडोळा करू लागतील किंवा भलत्याच माणसाला धरतील. ओळख चुकण्याचा धोका किती भयंकर असतो, हे 22 जुलै 2005 ला लंडनच्या स्टॉकवेल स्टेशनवर दिसलं. हल्लेखोर समजून पोलिसांनी एका निर्दोष ब्राझिली तरुणाला गाडीच्या डब्यात गोळ्या घातल्या. ती चूक यंत्राची नव्हती, माणसांचीच होती. पण घाईतल्या संशयाला यंत्राची मोहर मिळाली तर तो आणखी पक्का वाटेल.

"कर्मचारी आणि प्रवासी काय करणार?"

मेसेजमधलं सगळ्यात चुकीचं वाक्य हे आहे. 18 फेब्रुवारी 2003 ला दक्षिण कोरियातल्या देगू शहरात एका माणसाने मेट्रोच्या डब्यात पेट्रोल ओतून पेटवलं. धातुशोधक चौकटीतून पेट्रोल बिनआवाज जातं, हा भाग वेगळा. गाडी स्टेशनात उभी होती, त्यामुळे तिच्यातल्या बऱ्याच जणांना बाहेर पडता आलं. तेवढ्यात समोरून दुसरी गाडी येऊन शेजारच्या फलाटाला लागली आणि तिनेही पेट घेतला. वीज गेली. चालक नियंत्रण कक्षाशी बोलत राहिला, प्रवाशांना आतच थांबायला सांगितलं गेलं, आणि शेवटी तो गाडीची किल्ली काढून घेऊन पळाला. दारं बंदच राहिली. 192 बळींपैकी बहुतेक या दुसऱ्या गाडीतले होते. आसनं आणि आतलं अस्तर भराभर पेटणारं होतं. आग लागलेल्या स्टेशनात दुसरी गाडी येऊ दिली नसती, दार हाताने कसं उघडायचं हे ठळक लिहिलेलं असतं, चालकाचा सराव झालेला असता, तर यातले कितीतरी लोक घरी गेले असते.

याच्या उलट 3 एप्रिल 2017 ला सेंट पीटर्सबर्गमध्ये गाडी बोगद्यात असताना स्फोट झाला. चालकाने तिथेच न थांबता गाडी पुढच्या स्टेशनात नेली, त्यामुळे जखमींपर्यंत लगेच पोहोचता आलं. आणि 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या कक्षातून ध्वनिक्षेपकावर सांगत राहिले की मुख्य सभागृहाकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. त्या रात्री तिथे 50 हून अधिक माणसं मारली गेली. घोषणा झाली नसती तर आकडा कुठे गेला असता, याचा विचार करवत नाही.

बेवारस बॅगेचंही तसंच. ब्रिटनमध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांना तीन प्रश्न शिकवतात: वस्तू मुद्दाम लपवली आहे का, तिच्यात तारा-बॅटरीसारखं उघड संशयास्पद काही दिसतं का, आणि अशी वस्तू त्या जागी नेहमी आढळते का. एवढ्यावरून विसरलेला डबा आणि खरा धोका यांतला फरक पुष्कळदा कळतो आणि दरवेळी स्टेशन रिकामं करावं लागत नाही.

"झडती सुरू झाली की चोऱ्यामाऱ्याही थांबतील."

थांबणार नाहीत. पाकीटमाराजवळ आणि गर्दीत अंगचटीला येणाऱ्याजवळ यंत्राला सापडेल असं काहीच नसतं. रोजच्या प्रवाशाला, विशेषतः बाईला, भीती वाटते ती यांची. त्यावरचे उपाय माहितीतले आहेत. 1976 साली सुरू झालेल्या वॉशिंग्टन मेट्रोच्या भुयारी स्टेशनांना उंच कमानदार छत दिलं, फलाटावर खांबांची गर्दी टाळली, म्हणजे आडोसाच उरत नाही. रात्री उशिरा डबे कमी करून उरलेले उजेडातल्या, माणसांचा वावर असलेल्या भागात थांबवता येतात. मदतीचं बटण दाबल्यावर पलीकडून कुणीतरी बोललं पाहिजे. आणि छेडछाडीची तक्रार धावत्या गाडीतूनच नोंदवता आली पाहिजे, "हद्द आमची नाही" असं न ऐकता.