टाके घातले म्हणून घोडी वांझ होत नाही

पेडणे-डिचोलीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'घोडीच्या निरणाला (योनीमुखाला) टाके पडले की ती कायमची वांझ, विकून टाका.' (दलालांचं बरं फावतं!) खरं आहे ते उलटंच. कॅसलिक नावाच्या या छोट्या शस्त्रक्रियेत निरणाच्या वरच्या भागाच्या कडा शिवतात, लघवीसाठी खाली वाट ठेवून. निरण ढिलं असलं की हवा आणि लीद आत ओढली जाते, गर्भाशयात जंतुसंसर्ग होतो, घोडी गाभण राहत नाही. टाके घालतात ते यासाठीच. मात्र गाभणकाळ साधारण 11 महिन्यांचा. विण्याआधी डॉक्टरांकडून टाके उसवून घ्या, नाहीतर निरण फाटतं. गाठीमुळे एक अंडाशय काढलेली घोडीसुद्धा उरलेल्या दुसऱ्या अंडाशयावर गाभण राहू शकते, फक्त पुन्हा माजावर यायला काही महिने लागतात.