पीक आलाय की, म्हणे!

एक्सआरडीच्या, म्हणजे एक्स-रे टाकून स्फटिकाची रचना ओळखणाऱ्या मशीनच्या, फॉर्मवर लिहिलं होतं. लाल पेनाने, खाली दोन रेघा ओढून: ग्रेझिंग इन्सिडन्स, ०.५ डिग्री. म्हणजे किरण फिल्मला जवळजवळ घासत न्या. तीन आठवडे थांबून मिळालेला स्लॉट. आणि आज हातात काय पडलं? साधा थीटा-टूथीटा स्कॅन, किरण चढ्या कोनातून आत घुसवणारा! अहो, ६० नॅनोमीटरची फिल्म आहे ती, सिलिकॉनवर टिटॅनियम डायऑक्साइडची. हळदीची पूड नाही! त्या मोडमध्ये एक्स-रे फिल्मकडे ढुंकूनही न बघता थेट खाली सिलिकॉनच्या घरी जेवायला. ६९ डिग्रीला सिलिकॉनचा ताडमाड पीक (आलेखातला सुळका), आणि २५.३ला, जिथे माझा अॅनाटेस (टिटॅनियम डायऑक्साइडचंच एक स्फटिकरूप) दिसायला हवा, तिथे नुसतं गवत. अर्ध्या डिग्रीने घासत नेला असता तर किरणाचा फिल्ममधला प्रवास जाडीच्या शंभरपटीहून लांब झाला असता. हौस म्हणून मागतो का आम्ही ते?

ऑपरेटरसाहेब म्हणाले, "ऑप्टिक्स बदलायला वेळ जातो. आणि पीक आलाय की!"

पीक आलाय की. शेत आहे का हे?

मागच्या वेळी मशीन थंड ठेवणारा चिलर ट्रिप. त्याआधी एक्स-रे ट्यूब गेलेली, "टेंडर निघालंय". त्याआधी सॅम्पल परत आलं ते फिल्मवर अंगठा उमटवून, जणू खरेदीखत झालंय. डेटा कुठल्याशा फॉरमॅटमध्ये, तो उघडतो फक्त त्यांच्याच कॉम्प्युटरवर, आणि त्याला पेनड्राइव्ह लावायचा नाही. सीडी आणा. सीडी! आणि वर ते "एक्सआरडी मारून घे ना पटकन" म्हणणारे सीनियर. या तुम्ही मारायला.

बरं, आता सांगूनच टाकतो. त्याच स्कॅनमध्ये ३३च्या आसपास सुईसारखा एक पीक होता. ज्ञात पदार्थांच्या पीकांचं कार्ड काढलं, टीआय-टू-ओ-थ्रीशी, म्हणजे टिटॅनियमच्याच दुसऱ्या ऑक्साइडशी, चक्क जुळला. राग विसरून धावत गाइडकडे: "सर, नवीन फेज!" सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "सिलिकॉनच्या टू-झीरो-झीरो या अणुथरांचा पीक आहे तो. फॉर्बिडन. सॅम्पल जरा गोल फिरवून बघ, गायब होईल."

म्हणजे ज्याला यायची बंदी आहे तो ऐटीत उभा, आणि माझा कायदेशीर पीक बेपत्ता. एक्स-रेने स्फटिक वाचायची ही पद्धत घडवणाऱ्या लॉरेन्स ब्रॅगला १९१५मध्ये, पंचविसाव्या वर्षी, वडिलांसोबत नोबेल मिळालं. मी एकतिसाव्या वर्षी सिलिकॉन वेफरमध्ये सिलिकॉन शोधून काढलं.

पुढचा स्लॉट २३ तारखेला. या वेळी स्केचपेन नेतोय.