‘दोन थालीपिठं वाढून माणसं कळत नाहीत’: एका प्रतिक्रियेला उत्तर

श्री. (की श्रीमती? टोपणनावावरून कळत नाही) स्पष्टवक्ता,

सप्पोरोच्या पोरांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. लगेच उत्तर द्यायला बसले होते, पण आमचे हे म्हणाले, सकाळी लिही. सकाळी पुन्हा वाचली. राग होता तेवढाच राहिला, फक्त शुद्धलेखन सुधारलं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. २०१३ ते २०१६ आम्ही जपानात होक्काइदोवर, सप्पोरो शहरात राहत होतो. ह्यांचं तिथल्या विद्यापीठात संशोधन चालू होतं. तिथे मॉर्मन या अमेरिकेत निघालेल्या ख्रिस्ती पंथाची, दोन वर्षांसाठी धर्मप्रचाराला बाहेर पडलेली दोन पोरं ओळखीची झाली. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळा बिल्ला, आणि दिवसभर दारोदार. एक अमेरिकेतल्या आयडाहोचा, दुसरा जपानच्याच दक्षिणेकडच्या, उबदार ओकिनावाचा. त्यांचा दिवस कसा जातो, एवढ्यावरच मी लिहिलं होतं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख भाबडा आहे. ही पोरं पगारी प्रचारक असतात. त्यांच्या चर्चकडे अब्जावधी डॉलर आहेत आणि कृष्णवर्णीयांना त्यांनी कसं वागवलं ते जगजाहीर आहे. कोवळ्या पोराला दोन वर्षं आईशी बोलू न देणं याला शिस्त म्हणत नाहीत. आणि शेवटी, “ताई, दोन थालीपिठं वाढून माणसं कळत नाहीत.”

आधी माझी चूक. प्रचाराला निघायचं मुलांचं किमान वय मी १९ लिहिलं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये ते १८ झालं (आणि मुलींचं २१ वरून १९). तुम्ही दाखवलंत, मी लेखात दुरुस्ती केली. आभार. चूक दाखवली की मी मान्य करते, हे इथले जुने वाचक सांगतील.

आता ते शेवटचं वाक्य.

‘ताई’ म्हणायचं आणि लगेच ताईच्या स्वयंपाकघरावर घसरायचं, ही रीत मला चांगली ठाऊक आहे. एखादा पुरुष चार दिवस बसमधून फिरून येतो आणि अख्ख्या देशावर लेखमाला लिहितो. त्याखाली तुम्हीच ‘अभ्यासपूर्ण’ असं लिहून जाता, मी वाचलंय. त्याला कुणी म्हणत नाही की दादा, दोन पेग पाजून माणसं कळत नाहीत. बाईनं वाढलं, पाहिलं आणि लिहिलं की मात्र ते भाबडं होतं. हा मुद्दा झाला का? ही पायरी दाखवणं झाली.

माझे आजोबा मिरजेहून पुण्याला शिकायला आले ते वार लावून जेवले. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. ते म्हणायचे, ज्या घरात वार आहे त्या घरापासून काही लपत नाही. सदऱ्याचं तुटलेलं बटण त्या बाईला दिसतं, परीक्षेत नापास झालेलं तिला आधी कळतं. तर या पोरांचा आमच्याकडे शनिवारचा वार होता. त्यांच्यात दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, फोन येतो आणि दोन बॅगा उचलून दुसऱ्या गावी, दुसऱ्या जोडीदाराबरोबर जावं लागतं. ही जोडी नोव्हेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत, तीन बदल्यांच्या मुदती टिकली. म्हणजे अठरा शनिवार. हिशेब तुम्हीच काढलात म्हणून सांगते. भाजणी मी मिरजेहून मोजून आणलेली होती, कुणाला किती वाढलं ते माझ्या चांगलं लक्षात आहे.

आणि थालीपिठाशी मी सुखासुखी आले नव्हते. दारात आलेल्याला आपण काय विचारतो? चहा. पहिल्या दिवशी मी आधण ठेवलं आणि दोघं एकमेकांकडे बघायला लागले. १८३३ च्या एका उपदेशावरून त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. जपानात हिरव्या चहाला नाही म्हणणारा पाहुणा म्हणजे काय अडचण असेल बघा! भाजलेल्या सातूचं पाणी चालतं, कारण त्यात चहाची पत्ती नसते. मी जायफळ घालून दूध तापवलं. आयडाहोच्या पोरानं पेला दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ प्यायलाच नाही, नुसता धरून बसला. बोटं लाल झाली होती. आता मला सांगा, हे कुठल्या पुस्तकात वाचायला मिळतं?

ह्यांच्या गैरहजेरीत ती कधी आत आली नाहीत. बाई एकटी असेल तर घरात पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा नियम. एकदा दुपारी अंगणातला बर्फ उपसायला आली. सप्पोरोत एका हिवाळ्यात सगळा मिळून पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो, तेव्हा हे काम काय असतं ते इथे बसून कळणार नाही. तासभर फावडं चालवलं. मी आत बोलावलं तर दारातच उभी राहिली, दूध तिथेच प्यायली. ओकिनावाच्या पोरानं त्या वर्षीपर्यंत बर्फ पाहिला नव्हता. पहिले काही दिवस तो फावडं असं धरायचा जणू खाली कुणी झोपलंय.

त्यांना तिथे ‘चोरो’ म्हणतात, म्हणजे जाणता, वडीलधारा. इंग्रजीतल्या ‘एल्डर’चं जपानी. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा दारातून ‘चोरो’ ऐकलं आणि आतून ओरडले, “कोण चोर?” मिसरूड न फुटलेल्या पोरानं स्वतःला वडीलधारा म्हणून घ्यायचं आणि सत्तर वर्षांच्या जपानी आजोबांनी तसंच हाक मारायची, यातली गंमत त्या पोरांनाही कळत होती. तेही हसायचे. भाबडे असतीलही, पण बावळट नव्हते.

दिवस साडेसहाला सुरू. व्यायाम, अभ्यास, जोडीदाराबरोबर पुन्हा अभ्यास, आयडाहोवाल्याला शिवाय जपानीचा तास. मग बाहेर, ते रात्री नऊपर्यंत. साडेदहाला दिवे बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मुलीबरोबर फिरणं नाही. जोडीदाराला नजरेआड करायचं नाही, आणि जोडीदार आपण निवडायचा नाही. उन्हाळ्यात सायकल, पण हिवाळ्यात सायकली बांधून ठेवलेल्या, म्हणून चालत. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणं, वाण्याकडे जाणं आणि घरी पत्र लिहिणं यासाठी, तोही संध्याकाळी सहाला संपतो. त्यांचे बूट आमच्या दारात उलटे वाळत असायचे, आत वर्तमानपत्राचे बोळे. उजव्या बुटाची टाच एका बाजूनं पार झिजलेली. दोन वर्षं दारोदार फिरलेल्या माणसाचा बूट मी ओळखते, कारण तसा माझाही होता.

हो, माझाही. १९८९ च्या सुट्टीत मी पुण्यात कपडे धुण्याची पावडर दारोदार विकली आहे. सदाशिव पेठेत, दुपारी. ‘विक्रेत्यांनी बेल वाजवू नये’ ही पाटी वाचून बेल वाजवायला काय लागतं, ते मला विचारा. एका वाड्यात आजींनी पाणी दिलं आणि वर विचारलं, “घरचे कसे सोडतात गं तुला?” त्या पाण्याची चव अजून आठवते आणि तो प्रश्नही. दारामागून पाऊल वाजतं, कडीपर्यंत येतं आणि थांबतं, तो आवाज मी ऐकलेला आहे. सप्पोरोत ती पोरं दिवसाला तसे कितीतरी आवाज ऐकत होती. दोन वर्षांत किती जण तुमच्या पंथात आले, असं एकदा ह्यांनी आयडाहोच्या पोराला विचारलं. त्यानं दोन बोटं दाखवली. जपानात त्यांची पहिली माणसं १९०१ मध्ये योकोहामाला उतरली, १९२४ मध्ये गाशा गुंडाळून परत गेली, १९४८ मध्ये पुन्हा आली. म्हणजे दार न उघडण्याची परंपरा तिथे शंभर वर्षांची आहे. हे सगळं माहीत असूनही बेल दाबायची. तुम्ही कधी कुणाची बेल दाबली आहे का, टोपणनावाशिवाय?

जरा जास्त बोलले. असो. पण खोडत नाही.

‘पगारी’ म्हणालात. पगार नाही, उलट त्यांनाच भरावे लागतात. आयडाहोच्या पोराच्या घरून महिन्याला ४०० डॉलर जात होते. जुलै २०२० पासून तिकडच्या पोरांना ५०० पडतात. पोराला टोकियोत पाठवा नाही तर पेरूत, घरच्यांचा आकडा तोच. यानं शाळेत असल्यापासून बटाट्याच्या शेतावर राबून निम्मे पैसे साठवले होते. हे एका ओळीत शोधून सापडलं असतं.

चर्चच्या पैशांचं म्हणाल तर २०२३ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं त्या चर्चला आणि त्यांच्या गुंतवणूक संस्थेला मिळून ५० लाख डॉलर दंड केला, मला माहीत आहे. जून १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना तिथे पौरोहित्य मिळत नव्हतं, तेही माहीत आहे. मी त्यांची वकील नाही. माझा लेख झिजलेल्या टाचेवर होता, ताळेबंदावर नव्हता. धर्मांतराची भीती कुणाला वाटत असेल तर मी आजही संकष्टी करते. त्यांनी दिलेलं पुस्तक जपानीत होतं, माझी मजल चौथ्या पानापर्यंत गेली.

राहिला आईचा मुद्दा. फेब्रुवारी २०१९ पासून त्यांना दर आठवड्याला घरी फोन करता येतो. म्हणजे तुमची माहिती जुनी आहे आणि तो मुद्दा मी इथेच सोडते. (आमची पोरं २०१४-१५ ची, हे मला माहीत आहे. आठवण करून द्यायला नको.) तेव्हा वर्षातून दोन फोन, नाताळला आणि मातृदिनाला, एरवी आठवड्याचं पत्र. आणि ती पोरं रडत बसत नव्हती. त्या नाताळाआधीच्या शनिवारी आयडाहोच्या पोरानं आमच्या टेबलावर बसून एका कागदावर आईला काय काय सांगायचं ते लिहून काढलं, आकडे घालून. वेळ वाया जाऊ नये म्हणून. एकवीस मुद्दे होते. सातव्या क्रमांकावर ‘थालीपीठ’ होतं, रोमन लिपीत, चुकीचं लिहिलेलं. मी दुरुस्त करून दिलं. पुढच्या शनिवारी विचारलं, झालं का सगळं सांगून? म्हणाला, तिसऱ्या मुद्द्यापर्यंत पोहोचलो, मग आईच बोलत होती. कागद घडी करून बिल्ल्यामागच्या खिशात ठेवला होता, तो तिथेच होता.

याला मी शिस्त म्हणाले होते. अजूनही म्हणते. तुम्हाला दुसरा शब्द सुचत असेल तर तो वापरा, पण तो माझ्या ताटाखाली सरकवू नका.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. यापुढे लिहाल तर खाली नाव घाला. आजोबांच्या वाराच्या घरीसुद्धा आधी नाव विचारत असत, मग पान मांडत.