'थ्री स्टार किंवा तत्सम'

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत बँकॉकच्या पुढे 'थ्री स्टार किंवा तत्सम' असे छापलेले असते आणि आपण ते वाचून निमूटपणे पुढच्या ओळीकडे वळतो. मीही तेच केले. गेल्या फेब्रुवारीत 74 वर्षांच्या आईला घेऊन मी बँकॉकमध्ये 7 रात्री राहिले. पहिल्या 3 रात्री एजंटाने ठरवून दिलेल्या हॉटेलात आणि उरलेल्या 4 मी स्वतः शोधलेल्या हॉटेलात काढल्या. दोन्ही हॉटेले तीन ताऱ्यांची होती आणि भाडेही जवळपास सारखेच होते, पण आईच्या अनुभवात या दोहोंत जे अंतर पडले, ते पाहिल्यावर 'तत्सम' या शब्दाविषयी मला मनापासून चीड आली आहे.

पहिल्या हॉटेलात नाव ठेवावे असे काही नव्हते. लॉबी प्रशस्त होती, वर पोहण्याचा तलाव होता, खोल्या फोटोत होत्या तशाच होत्या. चूक होती ती जागेत. बँकॉकच्या सुखुमवित रस्त्याला दोन्ही बाजूंनी गल्ल्या फुटतात, त्यांना तिथे 'सोई' म्हणतात. उत्तरेच्या बाजूला विषम आणि दक्षिणेच्या बाजूला सम क्रमांक असतात, परंतु हे क्रमांक समोरासमोर जुळत नाहीत; उन्नत रेल्वेच्या थोंग लो स्थानकापाशी एका बाजूला सोई 55 आणि दुसऱ्या बाजूला सोई 38 असते. शिवाय एकच सोई एक-दीड किलोमीटर आत जाऊ शकते, त्यामुळे पत्त्यात 'सुखुमवित' असले तरी हॉटेल मुख्य रस्त्यावर असेलच असे नाही. आमचे हॉटेल स्थानकापासून सव्वा किलोमीटर आत होते. एजंटाने ते 'स्टेशनच्या जवळ' असल्याचे सांगितले होते, आणि तरुण माणसाला ते तसे वाटूही शकेल, पण दोन्ही गुडघे दुखणाऱ्या बाईला दुपारच्या उन्हात, मध्येच तुटणाऱ्या पदपथावरून तेवढे चालणे शक्य नव्हते. स्थानकापर्यंत सोडणारी हॉटेलची टुकटुक होती, मात्र ती तासातून एकदा सुटे आणि संध्याकाळी बंद होई. भगव्या जाकिटातले मोटारसायकलवाले सोईच्या तोंडाशी उभे असतात, त्यांच्यामागे आईला बसवणे मला धजवले नाही. टॅक्सी मिळे, पण ती संध्याकाळच्या कोंडीत एकाच सिग्नलला खिळून राही. परिणामी तिन्ही संध्याकाळी आई खोलीतच बसली आणि मला म्हणाली, "तू जाऊन ये गं, मी खिडकीतून बघते." एवढा खर्च करून आणलेल्या आईने शहर खिडकीतून पाहावे, याचे दुःख मला आजही आहे.

दुसरे हॉटेल मी नकाशा समोर ठेवून निवडले. हॉटेलच्या दारापासून स्थानकाच्या जिन्यापर्यंत किती मीटर चालावे लागते ते मोजले आणि स्थानकाच्या कोणत्या बाजूला लिफ्ट आहे तेही पाहिले, कारण 1999 साली सुरू झालेल्या या उन्नत रेल्वेच्या प्रत्येक प्रवेशद्वाराला लिफ्ट नाही. हे हॉटेल 250 मीटरवर होते. त्याची लॉबी आमच्या ठाण्याच्या घरातील हॉलएवढीच होती आणि तलाव नव्हता. तिथून आई रोज संध्याकाळी बाहेर पडली, स्थानकाखालच्या फळवालीकडून तिने स्वतः पेरू घेतले आणि परत येताना वाट दाखवायला मी लागले नाही.

हॉटेलच्या दारातच एका खांबावर छोटेसे देऊळ होते. थायलंडमध्ये बहुतेक इमारतींपुढे असे भूमीच्या रक्षक देवतेचे घर असते. त्याला 'सान फ्रा फूम' म्हणतात आणि त्यातला 'फूम' म्हणजे आपली भूमीच. सकाळी पहारेकरी तिथे लाल सरबताची बाटली नळी घालून ठेवी आणि हात जोडी. आईही त्याच्या शेजारी उभी राहून हात जोडू लागली.

आई प्रवासात पितळेचा बोटभर गणपती बरोबर नेते. तिने तो पलंगाशेजारच्या बुटक्या टेबलावर, चष्म्याच्या आणि औषधांच्या शेजारी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परतलो, तेव्हा खोली स्वच्छ झाली होती, पलंगपोस ताणून बसवला होता, औषधाच्या पट्ट्या उंचीप्रमाणे नीट लावलेल्या होत्या आणि गणपती मात्र जागेवर नव्हता. आई कावरीबावरी झाली. "अगं, देव कुठे गेले?" असे म्हणत तिने उशा उलट्या केल्या. माझ्या मनात आलेला पहिला विचार चोरीचाच होता, हे मी इथे स्पष्टपणे लिहिते, आणि मी रिसेप्शनला फोन लावून तक्रारीच्या सुरातच बोलले. दोन मिनिटांत सफाई करणारी बाई वर आली. पन्नाशीची असावी. तिला इंग्रजी येत नव्हते. तिने आम्हाला नमस्कार केला, कपाटाकडे गेली आणि वर बोट दाखवले. कपाटावरच्या सर्वांत उंच फळीवर, हातरुमालाची चौकोनी घडी घालून तिच्यावर गणपती बसवलेला होता, तोंड खोलीकडे करून. "फ्रा फिकानेत," ती म्हणाली. मग तिने बुटक्या टेबलाकडे हात करून मान हलवली आणि स्वतःच्या डोक्याच्या वर तळवा धरून दाखवला. थायलंडमध्ये पूज्य मूर्ती माणसाच्या डोक्यापेक्षा उंच जागी ठेवतात. पलंगाच्या पातळीवर, झोपलेल्या माणसाच्या इतक्या जवळ देव असणे तिला पटले नव्हते. तिच्या शब्दातला 'फिकानेत' म्हणजे आपला विघ्नेश. आईने तिचे दोन्ही हात हातात घेतले. मला तिच्याकडे पाहणे अवघड गेले. पुढचे सगळे दिवस गणपती त्या फळीवरच राहिला आणि रुमाल रोज बदललेला असे.

ही गोष्ट मी लांबण लावून सांगितली, कारण बँकॉकच्या मध्यम दरातील हॉटेलांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, त्यात या बायका कधीच नसतात. आपण नाश्त्यात किती पदार्थ होते ते सांगतो. दोघांच्या खोलीत चौघे कसे झोपलो आणि चहाच्या किटलीत अंडी कशी उकडली, हे तर लोक कौतुकाने सांगतात, तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण ती किटली घासून पुढच्या पाहुण्यासाठी ठेवणारे हात कोणाचे असतात ते मी पाहिले आहे. जुलै 2025 पासून बँकॉकमध्ये किमान रोजंदारी 400 बाट आहे. आपल्या एका खोलीचे एका रात्रीचे भाडे त्याच्या चार-पाच पट असते. उशीवर रोज 20 बाटच्या एक-दोन नोटा ठेवणे हा उपकार नसून साधी रीत आहे, आणि ती आपण पाळली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

भाड्याविषयीही थोडे सांगते. थायलंडमध्ये दरापुढे अधिकची दोन चिन्हे असली, तर 10 टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर 7 टक्के कर वेगळा द्यावा लागतो, म्हणजे 1,800 बाटची खोली सुमारे 2,119 बाटला पडते. याखेरीज 1,000 ते 2,000 बाट अनामत घेतात आणि निघताना खोली पाहून परत देतात. काउंटरवर पासपोर्ट मागितला की आपल्यापैकी काही जण वाद घालतात. तसे करू नये, कारण परदेशी पाहुणा आल्याची खबर 24 तासांत इमिग्रेशनला देणे हॉटेलवर कायद्याने बंधनकारक आहे. निवासी इमारतीतला फ्लॅट रोजच्या भाड्याने स्वस्तात मिळतो, पण तसा परवाना नसेल तर तो व्यवहार बेकायदा ठरतो, आणि आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. शाकाहारी लोकांनी नाश्त्याच्या वेळी 'मांगसविरात' हा शब्द वापरावा. तो मूळचा 'मांसविरती' आहे. कांदा-लसूणही चालत नसेल, तर 'जे' म्हणावे. आईला या दोन शब्दांवर चारही सकाळी पोटभर खायला मिळाले.

आता सहली काढणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्याबरोबर येणाऱ्यांत साठी ओलांडलेले लोक मोठ्या संख्येने असतात. ते आयुष्यभराच्या बचतीतून पैसे काढून, बहुधा पहिल्यांदाच परदेशात येत असतात. त्यांच्या कागदावर 'तत्सम' लिहू नका. हॉटेलचे नाव लिहा, ते कोणत्या सोईत आहे ते लिहा आणि त्याच्या दारापासून स्थानकाच्या लिफ्टपर्यंत किती मीटर चालावे लागते, तो आकडा लिहा.