‘सी व्ह्यू’चे जादा पैसे आणि फिरत असलेला तो मेसेज

गोव्यात पर्वरी, दोनापावला, दाबोळीकडे फ्लॅट बघणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मोक्याच्या फ्लॅटवर बिल्डर जी ‘पीएलसी’, म्हणजे प्रेफरेन्शियल लोकेशन चार्जेस लावतो, ती म्हणे रेरानं, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणानं, मान्य केलेली असते, म्हणून त्यात घासाघीस चालत नाही. तिच्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा भरावाच लागतो. समोर सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) किंवा शेत असेल तर देखावा कायमचा. आणि विकताना हे पैसे दामदुपटीनं परत येतात. असं वाचून लोक कॉस्ट शीटवर, म्हणजे बिल्डरच्या किमतीच्या तक्त्यावर, निमूट सही करतात, म्हणून यातला एकेक दावा तपासायला हवा.

रेराची मान्यता: २०१६चा रेरा कायदा फ्लॅटचा दर ठरवत नाही आणि पीएलसीला मंजुरीही देत नाही. गोवा रेराकडे प्रकल्पाची नोंदणी होते, दरपत्रकाची नव्हे. पीएलसी घेणं बेकायदा नाही, पण तो बिल्डरनं स्वतः लावलेला भाव आहे आणि तो कमी करून मागता येतो. कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत विक्री करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तुमच्या शब्दाला वजन असतं ते तोवरच. पीएलसी कुठल्या क्षेत्रफळावर लावली आहे, तेही बघा. समजा कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा) ७० चौरस मीटर आहे, सुपर बिल्ट-अप (भिंती आणि जिना-लॉबीसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून) १०० आणि दर चौरस मीटरला ३,००० रुपये. सुपर बिल्ट-अपवर हिशेब केला तर ३ लाख होतात, कार्पेटवर २ लाख १० हजार. रेराखाली विक्री कार्पेटवर होते, मग पीएलसी तेवढी जुन्या मापानं का मोजायची?

अठरा टक्के जीएसटी: हे सरळ चूक आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय की कम्प्लीशन सर्टिफिकेटच्या आधी बांधकामाच्या किमतीसोबत घेतलेली पीएलसी बांधकाम सेवेचाच भाग आहे आणि तिला बांधकामाचाच दर लागतो. म्हणजे साध्या निवासी फ्लॅटला ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्याला १ टक्का. वरच्या ३ लाखांवर १८ टक्क्यांनी ५४ हजार होतात, ५ टक्क्यांनी १५ हजार.

‘देखावा कायमचा’: सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. बिल्डर ज्या समुद्राचे पैसे घेतो तो त्याचा नाही, आणि मधला प्लॉटही बहुतेक वेळा त्याचा नसतो. शेजाऱ्यानं रीतसर परवाने घेऊन चार मजले चढवले तर बिल्डर त्याला अडवू शकत नाही. सीआरझेड म्हणजे बांधकामाला सरसकट बंदी, हाही गैरसमज आहे. शहरी भागातल्या सीआरझेड-२ मध्ये असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला अटींवर बांधता येतं. शेताचा भरवसा तर त्याहून कमी. २०२४मध्ये गोव्याच्या नगर नियोजन कायद्यात कलम ३९अ आलं ते जमिनीचे झोन (कुठली जमीन कशासाठी वापरायची ते) बदलण्यासाठीच, आणि त्यावरून गावोगाव लोक रस्त्यावर उतरले. तेव्हा समोरच्या जमिनीचा सर्व्हे नंबर काढा, एक-चौदाचा उतारा (जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगणारा) बघा, झोनिंगची चौकशी करा. सेल्समननं बाल्कनीतून दाखवलेल्या हिरवळीवर जाऊ नका.

त्या मानानं आतल्या बागेसमोरचा फ्लॅट जास्त सुरक्षित, हे फारसं कुणी सांगत नाही. बाग मंजूर आराखड्यात असेल तर रेराच्या कलम १४ प्रमाणे दोन तृतीयांश खरेदीदारांच्या लेखी संमतीशिवाय बिल्डर ती हलवू शकत नाही.

दामदुप्पट परत: जुना फ्लॅट घेणारा पीएलसीची वेगळी रक्कम मोजत नाही, तो समोर दिसणाऱ्या घराची किंमत करतो. आणि गोव्यात तो शहाणा असेल तर जुलैमध्ये बघायला येतो. नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या खिडक्यांवर थेट आपटतो. स्लायडिंगच्या रुळात पाणी साचून आत झिरपतं, खारी हवा ग्रील आणि एसीचं बाहेरचं युनिट खाते, आणि कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरते. कॉर्नर फ्लॅटच्या दोन भिंती बाहेर उघड्या असतात, म्हणजे ओल दोन्हीकडून. समुद्राकडचा फ्लॅट जास्त भावानं विकलाही जात असेल, पण दर दोन-तीन वर्षांनी रंग आणि वॉटरप्रूफिंगवर जातो तो खर्च त्या मेसेजमध्ये कुठंच धरलेला नाही.

देखावा मनापासून हवा असेल तर जरूर पैसे द्या. रोज संध्याकाळी मांडवी दिसणं हे सुख खरंच मोठं आहे. फक्त ती रक्कम चेकनं किंवा बँकेतून द्या आणि करारातल्या किमतीत धरून घ्या. करारात नसलेले पैसे बँक कर्जासाठी मोजत नाही, आणि पुढं विकताना ते दिले होते हे सिद्ध करणंही जड जातं. ‘आराखडा बदलून फ्लॅट मोक्याचा राहिला नाही तर पीएलसी बिनव्याजी परत’ असं कलम काही करारांत असतं. तिथं व्याज मागा. आणि जाहिरातीतलं पत्रक जपून ठेवा. त्यात समुद्र दाखवून फ्लॅट विकला आणि ते खोटं ठरलं, तर रेराच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते, नाहीतर व्यवहार सोडून सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते.